कणगीमागची ओल

त्र्याहत्तर सालचा वैशाख, बुधवार, दुपारचे पावणेतीन. हजर माणसं चार: तुम्ही, आत्या, मी आणि सात महिन्यांची सुजाता. घरातलं पाणी बावीस तांबे. मी तुम्हाला सांगितलेलं पाणी नऊ तांबे.

मामा, हा तेरा तांब्यांचा फरक म्हणजे एक भरलेली घागर होती आणि ती मी ज्वारीच्या कणगीमागं लपवली होती. सोळा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. सुजाताच्या वडिलांनाही नाही. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमच्यासमोर बसून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आता लिहिते आहे. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, हे सगळं परवाच्या पुण्यानुमोदनात बोलून झालं. ते मी पुन्हा लिहीत नाही.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला तुमची भीती वाटत नव्हती, तुमच्या बोलण्याचा कंटाळा यायचा. तुम्ही कारखान्याच्या बॉयलरवर होता. इतर सासरे घरात आले की चहा मागतात. तुम्ही चुलीकडं बघून विचारायचा, "किती पौंड इष्टीम हाय आज?" आत्या म्हणायच्या की यांचं लग्न माझ्याशी लागलंय की त्या बॉयलरशी, हे मला अजून कळलेलं नाही. भाताच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं की तुम्ही उठून आत यायचा आणि ते नीट ठेवायचा. मला वाटायचं, या माणसाला वाफेखेरीज जगात काही दिसतच नाही.

मी सातवी पास. गणितात मला कधी कमी मार्क नव्हते. दुष्काळ पडला आणि घरातल्या पाण्याची मोजदाद माझ्याकडं आली. आमच्या मातीच्या घागरीत तेरा तांबे बसायचे. माणशी पिण्याला किती, भांड्याला किती, लेकराच्या अंगाला किती, हे मी ठरवलेलं होतं आणि त्यात कुणाला बदल करू देत नव्हते. त्या साली ऊस नव्हता, कारखान्याचा पट्टा लवकर पडला, गाळप थांबलं आणि तुम्ही दिवसभर घरी बसू लागला. आमची भांडणं तेव्हापासूनची.

तुम्ही दारावर गोणपाट टांगलं आणि ते ओलं ठेवायला लागला. मी म्हणाले, पाणी उन्हाला पाजताय. तुम्ही भांडी विसळलेलं पाणी त्यासाठी राखायला लावलं. दुपारी त्या गोणपाटातून जी झुळूक आत यायची तिच्यात आत्या झोपायच्या, लेकरू झोपायचं, आणि खरं सांगते, मीही झोपायची. पण तुम्हाला कधी बरं म्हटलं नाही. मग एक दिवस तुम्ही लेकराचं बोंडलं आणि वाटी-चमचा उकळताना मला थांबवलंत. बुडेल इतकं पाणी कशाला, म्हणालात. पातेल्यात अर्धा तांब्या घातला, वर चाळणी ठेवली, चाळणीवर भांडी, त्यावर झाकण. उकळायला मला दोन तांबे लागायचे. तुमचं काम अर्ध्या तांब्यात झालं आणि त्यातलंही निम्म्याहून जास्त तळाला शिल्लक राहिलं. मी ते मोजलं. दोनदा मोजलं. त्याच चाळणीवर मग शिळी कडक भाकरी मऊ व्हायला लागली आणि आत्यांच्या गुडघ्यावर ठेवायचं फडकंही गरम व्हायला लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस नुसता बोलत नाही. तरी मी एवढंच म्हणाले, "दीड तांब्या वाचला." तुम्ही म्हणालात, "मोजलास न्हवं? मग झालं."

आता त्या बुधवारचं.

सुजाताला दोन दिवस सर्दी होती. बुधवारी सकाळपासून गरम वारं सुटलं होतं, धुळीचं, घशाला कोरड पाडणारं. दुपारी तिचा खोकला बदलला. तो लेकराचा खोकला राहिला नाही, कुत्रं भुंकावं तसा आवाज यायला लागला. श्वास आत घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. सुजाताचे वडील पाझर तलावाच्या कामावर हजेरी मांडायला गेले होते. दवाखाना उमरग्याला आणि तिकडची गाडी साडेपाचला. म्हणजे पावणेतीन तास काढायचे होते आणि ते कसे काढायचे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला होतं.

तुम्ही लेकराच्या छातीला कान लावला आणि मला विचारलंत, "पाणी किती हाय?"

मी म्हणाले, "नऊ तांबे."

तुम्ही म्हणालात, "नऊत भागत न्हाय, बाई. पोती भिजवायची हायेत, खोली ओली करायची हाय."

मी आकडा बदलला नाही. मामा, त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी आता खरं सांगते. मला तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही. पण टँकरचा दिवस शुक्रवार. बुधवारी सगळं पाणी हवेत उडवलं तर गुरुवारी लेकराच्या तोंडात काय घालायचं, हा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. डोळ्यांसमोर लेकरू गुदमरत होतं आणि मी गुरुवारचा विचार करत होते. याला व्यवहार म्हणायचं की निर्दयपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग पत्र्याच्या दोन रिकाम्या घागरी उचलल्या आणि बाहेर पडलात.

ही गोष्ट लहान वाटेल, पण आपल्या घरातल्या माणसांना ती किती मोठी होती ते माहीत आहे. छप्पन साली तुम्ही दीक्षा घेऊन आलात तेव्हा एक गोष्ट ठरवली होती. लहानपणी तुम्हाला वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरून प्यावं लागलं होतं. त्यानंतर कुणाच्या दारात उभं राहून पाणी मागायचं नाही. कुणी घरात बोलावून पेला पुढं केला तर प्यायचं. मागायचं मात्र नाही. लग्नाकार्याला जाताना तुमच्या खांद्याला पाण्याची बाटली असायची. सतरा वर्षं तुम्ही हे पाळलं होतं. आत्या लेकराला खांद्यावर उभं धरून येरझाऱ्या घालत होत्या, त्या दारात थांबल्या आणि तुमच्या पाठीकडं बघत म्हणाल्या, "कुठं निघालेत हे?" त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. कणगी माझ्यापासून चार हातांवर होती. मी उठले नाही.

अर्ध्या तासानं तुम्ही आलात. एक घागर खांद्यावर, एक हातात, शर्ट पाठीला चिकटलेला. गावाबाहेर मेंढ्यांचा वाडा आहे त्या सटवाजी धनगराकडून आणलं, इतकंच आत्यांना सांगितलंत. त्या लोकांनी बैलगाडीच्या पिपातून कोकरांसाठी आणून ठेवलेलं पाणी होतं ते.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते. चूल तुम्ही अंगणात मांडायला लावली, कारण धूर आत नको होता. मधल्या खोलीची खिडकी आणि दोन्ही दारं ओल्या पोत्यांनी झाकली. आत्यांचं एक लुगडं पिळून दोरीवर पसरलं. दोन पातेली घेतली. एक चुलीवर उकळायचं, झाकण न उघडता आत आणायचं, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि मग झाकण सरकवायचं. तोवर दुसरं चुलीवर. आत्या लेकराला घेऊन समोरच्या कोपऱ्यात. मी पातेलं घेऊन त्यांच्या जवळ जायला लागले तशी तुम्ही मला हातानं अडवलंत. तुमच्या उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत होती, बॉयलरवर भाजलेली. तो हात माझ्यासमोर धरून म्हणालात, "लेकराजवळ न्यायचं न्हाय. हवा ओली करायची, लेकरू न्हाय."

मी पातेली आत-बाहेर करत होते आणि मोजत होते. सवयच ती. पहिलं पातेलं, दुसरं, तिसरं. चौथ्या पातेल्याला भिंतींना वास सुटला. आपलं मातीचं घर, सात महिने त्या भिंतींनी पाणी पाहिलं नव्हतं. त्या आता पाणी पीत होत्या. लुगड्याच्या काठावर थेंब धरले. माझ्या कपाळावर, आत्यांच्या पापण्यांवर बारीक ओल आली. बाहेर अंगणात पाय ठेवला तर वारं तोंड भाजत होतं आणि दोन पावलं आत आलं की श्वास मऊ व्हायचा. एकाच घरात दोन ऋतू. मी उंबऱ्यावर पातेलं घेऊन उभी राहिले आणि क्षणभर माझी मोजणी चुकली. आयुष्यात पहिल्यांदा.

सहाव्या की सातव्या पातेल्यानंतर सुजाताचा खोकला सैल झाला. बरगड्यांखालचा खड्डा भरून आला असं म्हणणार नाही, पण उथळ झाला. ती रडली. दुपारपासून तिला रडायलाही श्वास पुरत नव्हता. तुम्ही खाली बसलात, भिंतीला टेकलात आणि म्हणालात, "आता प्रेशर बरोबर हाय."

साडेपाचच्या गाडीनं आपण उमरग्याला गेलो. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन झालं, चार दिवस ठेवून घेतलं. जे खरं ते लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिते: लेकरू बरं केलं ते दवाखान्यानं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं की वाफेवर विसंबून घरी बसला असता तर पस्तावला असता. उकळतं पातेलं लेकराजवळ नेऊन भाजलेली पोरं त्यांच्याकडं येतात, असंही त्या म्हणाल्या. ओल्या हवेनं तिला थोडा आराम पडला असेल, हे मात्र त्यांनी मान्य केलं. ते पावणेतीन तास लेकरानं कशाच्या जोरावर काढले ते मला सिद्ध करता येत नाही. मी तिथं होते, इतकंच सांगता येतं.

दवाखान्यातून आल्यावर तुम्ही मला एक प्रयोग करून दाखवलात, आठवतं? पातेल्यात एक तांब्या पाणी, मध्ये रिकामी वाटी, वर परात उपडी घातलेली आणि तिच्यावर ओलं फडकं. पातेलं आटवलं आणि वाटीतलं पाणी मोजलं. पाऊण तांब्या. तुम्ही म्हणालात, बघ, वाफ माघारी आली. मी म्हणाले, पाव तांब्या कमी आहे. तुम्ही म्हणालात, कमी न्हाय, पांगलंय. मी म्हणाले, पांगलं म्हणजे गेलंच की. त्या पाव तांब्यावरून आपण पंधरा वर्षं भांडलो. जेवताना, ज्वारी निवडताना, सुजाताच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालताना. आत्या म्हणायच्या, लोकांच्या घरात इस्टेटीवरून भांडणं होतात, आमच्या घरात पाव तांब्यावरून.

त्यानंतर कधीतरी, चांगला ऊस झाला त्या हंगामात, तुम्ही मला आणि सुजाताला कारखाना दाखवायला नेलंत. बॉयलरसमोर मी उभी राहिले. इतकी मोठी वस्तू श्वास घेते असं मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही आठ आठ तास जिच्याकडं बघत बसायचा ती पाण्याची काच दाखवलीत. बोटभर जाडीची काच, तिच्यात पाण्याची रेघ. ती खाली गेली तर सगळं संपलं. मग वर बोट केलंत. एका नळीच्या तोंडातून पांढरा लोट बाहेर पडत होता, पण तोंडापाशी हातभर जागा मोकळी होती. तुम्ही मला विचारलंत, त्या मोकळ्या जागेत काय दिसतंय.

"काही नाही," मी म्हणाले.

"तिथंच वाफ हाय. पुढं पांढरं दिसतंय ते पाणी. वाफ दिसत न्हाय, बाई. माझा हात भाजला तो तिथं, जिथं काय दिसत न्हवतं."

मी पुष्कळ वेळ त्या मोकळ्या जागेकडं बघत उभी राहिले. मग तुम्ही सांगितलंत की शंभर किलो उसात सत्तर किलो पाणी असतं, ते रसातून उडवतात, त्याची वाफ होते, वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते गरम पाणी बॉयलरकडं माघारी जातं. बॉयलर विचारत नाही हे कुणाच्या शेतातलं, कुणाच्या विहिरीवरचं. सुजाता तुमचं बोट धरून उभी होती. मला वाटलं आता सांगावं. आवाज इतका होता की मी बोलले असते तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं. म्हणून सांगितलं नाही, की म्हणूनच सांगावंसं वाटलं, देव जाणे. तुम्ही असता तर मला दुरुस्त केलं असतंत की देवाचं नाव कशाला घेतेस, तुलाच माहीत आहे.

शेवटच्या महिन्यात तुमचा श्वास कमी पडायला लागला. गोळ्या चालू होत्याच. सकाळी टॉवेलाखाली वाफ घेतली की तुम्हाला मोकळं वाटायचं. पातेलं मी धरायची, तुमच्यापासून हातभर लांब, तुम्हीच शिकवल्याप्रमाणं. टॉवेलातून तुमचा आवाज यायचा, "किती घातलंस?" मी म्हणायची, दोन तांबे. "आजून मोजतीस?" मोजते म्हटलं की तुम्ही हसायचा आणि खोकला लागायचा. एका सकाळी मी सुरुवात केली होती, "मामा, त्या दुष्काळात, बुधवारी..." तुम्ही टॉवेल बाजूला केलात. चेहरा ओला, पापण्यांवर थेंब. म्हणालात, "झाकण ठेव, बाई. फुकट चाललीय." मी झाकण ठेवलं. विषय तिथंच राहिला. तुम्ही वाफेबद्दल बोललात की माझ्याबद्दल, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

परवा कार्यक्रम झाल्यावर लोक पांगले. म्हाळसाबाई मागं राहिल्या. सटवाजींची बायको, आता पुरती म्हातारी झालेली. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, सुजाताला बोलावून तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, कितवीला आहे. अकरावीला, म्हटल्यावर त्यांनी बोटं मोडली. मग त्या दुपारचं काढलं. मी न विचारता.

म्हणाल्या, "दादा दारात आलं, दोनी हातात घागरी. बोलंनातच. मीच म्हणलं, पाणी पायजे का? तर मान हालीवली. आमचं मालक म्हणलं, घरात थेंब न्हाय व्हय? तर दादा म्हणलं, हाय. एक भरल्याली घागर हाय. सुनंनं कणगीमागं ठिवलीया. मातीची हाय, पाझरती, जमीन ओली दिसती मला."

त्या पुढं सांगत राहिल्या.

"मालक म्हणलं, मग ती का घेत न्हाय? तर म्हणलं, ती उद्याची हाय. उद्या बी लेकरू असणारंय न्हवं."

मामा, तुम्हाला माहीत होतं. दारातून बाहेर पडताना माहीत होतं, सतरा वर्षांची आण मोडून दुसऱ्याच्या दारात उभं राहिलात तेव्हा माहीत होतं, आणि नंतर सोळा वर्षं माझ्या हातचं जेवताना माहीत होतं. मी ज्याला लपवणं म्हणत होते त्याला तुम्ही उद्या म्हणालात. मी घाबरून ठेवलेली घागर तुमच्या लेखी लेकरू जगणार याची खूण होती. ती हलवली असती तर तुम्हीच आशा सोडली असं झालं असतं. मी त्या दुपारी बसल्या जागेवरून तुमच्या हातातल्या रित्या घागरी बघत होते. त्या रित्या जागेत इतकं काही होतं हे मला आज कळतंय.

मी म्हाळसाबाईंना विचारलं की ते पाणी आमच्याकडून कधी परत पोचलं का. मला ठाऊक नव्हतं. मी दवाखान्यात होते आणि नंतर तुम्ही "ते माझं मी बघतो" एवढंच म्हणाला होता. त्या म्हणाल्या, पुढच्याच्या पुढच्या टँकरला दादा दोन्ही घागरी घेऊन आले. सटवाजींनी नको म्हटलं तर दादा म्हणाले, कोकरं तहानलेली असतील, ओता.

त्या टँकरच्या दिवसापर्यंत मी उमरग्याहून परतले होते. आपल्या वाट्याच्या सहा घागरी, घरात चारच आल्या होत्या. मी लेकरू आत्यांकडं देऊन टँकरवाल्याशी सगळ्या गावासमोर भांडले, माप चोरलं म्हणून. तो बिचारा शपथा घेत होता. तुम्ही शेजारीच उभे होता, उपरण्यानं मान पुसत. म्हणालात, "वाफ झाली आसंल, बाई."

त्या माणसाची माफी मागायची राहिली. तो कुठला, नाव काय, मला आठवत नाही.

बाकी हिशेब असा: घेतलेलं पाणी दोन घागरी. फेडलेलं पाणी दोन घागरी, भरून, काठोकाठ. देणार तुम्ही. घेणार म्हाळसाबाई, आणि त्यांची कोकरं.